टाच न उमटलेली पावलं

देवळाली प्रवरेला सहादेवाच्या घरी दुधाची एक म्हैस होती आणि त्या म्हशीवर मच्छिंद्रचा हक्क होता. धार काढली की पहिला तांब्या त्याचा. मच्छिंद्र तालमीत जायचा. आसपासच्या जत्रांतून कुस्त्या मारून यायचा, डोक्याला नवा फेटा आणि काखेत नारळ घेऊन. गावात सहादेवाला लोक पैलवानाचा बाप म्हणायचे. सहादेव त्यावर मिशीवरून हात फिरवायचा.

चांगुणा मच्छिंद्रच्या पाठची. तिच्या वाट्याला ताक.

"आये, मला बी दे की घोटभर," ती लहानपणी म्हणायची.

"पोरीच्या अंगाला दूध लगेच लागतं. उद्या थोराड दिसायला लागलीस मंजी बाप नवरा हुडकून दमंल," साळूबाई सांगायची. ती काही कठोर बाई नव्हती. तिच्या आईनं तिला हेच सांगून वाढवलं होतं.

दुपारी मळ्यात भाकरी पोचवायची ती चांगुणानं. वाट पाटाच्या कडेकडेनं जायची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. डोक्यावरची पाटी एका हातानं धरून ती पळत सुटायची. कधी मच्छिंद्र बरोबर असला तर शर्यत लागायची आणि दर वेळी तो मागं पडायचा.

"आखाड्यात ये, मग दावतो तुला," तो धापा टाकत म्हणायचा.

"येऊ का?"

आखाड्यात बाईनं पाऊल टाकायचं नसतं. एकदा चांगुणानं तालमीच्या उंबऱ्यावरून आत वाकून पाहिलं. लाल माती चाळून, तेल-ताक घालून मऊ केलेली. तिला नुसता पायाचा अंगठा लावून बघावासा वाटला. आतून वस्ताद ओरडला, "ए पोरी, माती बाटंल!" चांगुणानं पाय मागं घेतला. तीच माती तिची आई दर वर्षी पाटीनं वाहून तालमीच्या दारापर्यंत आणून टाकायची. दारापर्यंत ती बाटत नव्हती.

सहादेवाची बहीण आक्काबाई नगरला होती. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. मुलींच्या एका शाळेच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. एका दिवाळीला ती आली आणि वहिनीला म्हणाली, "साळू, मला हाताखाली कुनी न्हाई. पोरगी दे. पोळ्या लाटंल अन् चार अक्षरं बी शिकंल."

अशी चांगुणा नगरला गेली. गेली पोळ्या लाटायला. अक्षरं चारावर थांबली नाहीत. सेहेचाळीस साली ती मॅट्रिकला बसली.

शाळेत वर्षातून एकदा खेळांचे सामने होत. त्या दिवशी मैदानाभोवती कनाती लागत. लग्नात आचाऱ्यांच्या चुलीभोवती लावतात तशा. मुली धावणार, उड्या मारणार, आणि रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषमाणसाची नजर पडू नये म्हणून ही तजवीज. आत फक्त बाया, शाळेच्या मंडळाचे दोन-तीन वयस्कर सभासद, आणि फार तर एखाद्या मुलीचे वडील.

चांगुणा पहिल्यांदा धावली तेव्हा तिनं नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि शिट्टी होताच निघाली. ती दोरीला लागली तेव्हा बाकीच्या मुली अजून मधेच होत्या. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य बाई, हातातल्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते कानाला लावलं. त्यांना वाटलं, बंद पडलंय.

"पुन्हा धाव," त्या म्हणाल्या.

चांगुणा पुन्हा धावली. या वेळी बाईंनी घड्याळ कानाला लावलं नाही.

वर्गात तिची मैत्रीण होती रजिया. वडिलांचं कापडबाजारात दुकान. ती पडद्याच्या टांग्यातून यायची, शाळेच्या दारातल्या खोलीत बुरखा काढून त्याची घडी करायची आणि मग दिवसभर तिची जीभ कुणाच्या हाती लागायची नाही. तिला कॉलेजात जायचं होतं. घरचे अर्धे हो म्हणत होते, अर्धे गप्प होते. रजिया म्हणायची, "गप्प आहेत ते बरे. नाही म्हणणारे माझ्याशी भांडून दमलेत."

त्या वर्षी वादविवादाला विषय होता, स्त्रियांनी नोकरी करावी काय. एका मुलीनं स्त्री ही मूळची नाजूक असते, असं गोड आवाजात मांडलं. टाळ्याही घेतल्या. मग रजिया उठली.

"आमच्या गल्लीत कोळशाची वखार आहे," ती म्हणाली. "तिथं एक बाई दिवसभर पोती उचलते. पोती उचलताना तिला नाजूक म्हणालेलं मी कुणाला ऐकलं नाही. संध्याकाळी मजुरी देताना मात्र मालकाला आठवतं की ही बाई आहे."

सगळ्या हसल्या. मोठ्या बाईही तोंडाला रुमाल लावून हसल्या.

चांगुणा हसली नाही. रात्रीच्या पोळ्यांची कणीक तिंबताना ती त्याच गोष्टीचा विचार करत होती. आपली आई पहाटे उठते ती पाठ टेकेपर्यंत राबते. त्याला कुणी काम म्हणत नाही. आपण भाकरी घेऊन पाटानं पळायचो तेव्हा कुणी अडवलं नाही. उलट बाबा म्हणायचे, पोरगी चपळ आहे. आणि इथं नुसतं पळायचं तर कनाती लावाव्या लागतात. म्हणजे बाईनं पळायला हरकत नाही. कुणाच्या तरी भाकरीसाठी पळालं पाहिजे. स्वतःसाठी पळालं की बघणाऱ्यांना लाज वाटते.

हे तिनं रजियाला सांगितलं.

"हे तू बोलायचं होतंस वादात," रजिया म्हणाली.

"मला बोलता येत न्हाई."

"तुला काय, पळता येतं. मला तर दारापासून टांग्यापर्यंत चाललं तरी धाप लागते."

परीक्षा संपल्यावर मोठ्या बाईंनी चांगुणाला बोलावून घेतलं. शाळेला कवायतीची बाई हवी होती. मंडळ एका मुलीला वर्षभर पुण्याला शिकायला पाठवणार होतं. परत आली की ती याच शाळेत नोकरीला. जूनमध्ये मंडळाची माणसं मुलींना धावताना बघून निवड करणार होती.

"तिघी आहेत. पण मी तुझ्यासाठी घड्याळ आणणार आहे," बाई म्हणाल्या. "सुटीत सराव सोडू नकोस."

आक्काबाईला हे कळलं तेव्हा तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "पोरी, आपल्या घरातली बाई खुर्चीवर बसंल?"

"कवायतीची बाई बसत न्हाई, आत्या. उभी राहती."

"उभी तर उभी. पर चुलीपुढं न्हाई ना?"

चांगुणा मे महिन्यात गावी आली ती हे सगळं पोटात घेऊन. बाबांना सांगायचं कसं, याचीच तिला धास्ती. सहादेव मुळात अबोल माणूस. लेकीशी तर तो 'जेवली का' आणि 'कधी निघायचं' यापलीकडे बोलत नसे. गावात बाप-लेकी असंच बोलतात.

तिनं सांगायच्या आतच साळूबाईनं सांगितलं. राहात्याचं स्थळ आलं होतं. मुलगा गोरक्षनाथ. घरी बागायत, बाजारात भुसाराचं दुकान. परवा बघायला येणार होते.

"मला पुन्याला शिकायला जायचंय, आये. जूनात नगरला निवड हाय."

"जा की. राहात्याहून जा," साळूबाई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदाला हसली.

चांगुणानं दोन दिवस विचार केला. मुलगी नको म्हणाली तर बापाचं नाक कापलं जातं. चार गावांत बोभाटा होतो, पोरगी शिकली आणि शेफारली. पण मुलाकडचे नको म्हणाले तर? तसं रोज कुणाच्या तरी घरी होतं. लोक म्हणतात, योग नव्हता. त्यात कुणाची मान खाली जात नाही.

म्हणजे नकार तिकडून आला पाहिजे. एवढंच तिनं ठरवलं. पुढचं तिला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

पाहुणे आले. मुलाची आजी राहीबाई मधोमध बसली. तिच्या शब्दाखेरीज त्या घरात पान हलत नाही, हे बसण्यावरूनच कळत होतं. गोरक्षनाथ मान खाली घालून गुळाचा चहा पीत होता. नाव विचारून झालं. रांगोळी विचारून झाली. मग राहीबाई म्हणाली, "पानी आना. तळवे वले करा अन् चालवा तिला. पाऊल बघू द्या."

घर सकाळीच सारवलेलं होतं. त्यावर ओलं पाऊल स्पष्ट उठतं. सपाट पाऊल असलं, वाकडी बोटं असली, की जाणती बाई ओळखते.

परातीत पाय बुडवून चांगुणा उभी राहिली. आणि तेव्हा तिला सुचलं. तिनं उजवं पाऊल नीट टाकलं. डावं फरफटवलं. पुन्हा उजवं नीट. पुन्हा डावं फरफटत.

राहीबाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"ह्यो डावा पाय आसा का?" राहीबाईनं विचारलं.

"काल मळ्यात काटा मोडला हो," साळूबाई घाईनं म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

राहीबाई वाकली. जमिनीवरच्या खुणा तिनं जवळून पाहिल्या. "काटा मोडला तर मानूस टाच उचलतं, बाई. ही पाय वढती. हे खुब्यातलं हाय."

सहादेव दाराशी बसला होता. तो त्या ओल्या पावलांकडे बघत राहिला. मग लेकीकडे बघितलं.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. असं म्हणून गेलेले पाहुणे कळवत नसतात.

संध्याकाळी गोठ्यात मच्छिंद्रनं तिला गाठलं.

"काय डाव टाकलास गं! एवढा साफ डाव मी बी कदी मारला न्हाई. समदं राहाता चित!"

"दादा, तुला शपथ हाय. कुनाला बोलू नको."

"माज्या तोंडाला कुलूप. पर एक सांगू? लंगडायचं तर नीट लंगड. सकाळी डावा हुता, आता उजवा वढतीस."

दोघं तोंड दाबून हसली. ते त्यांचं शेवटचं मोकळं हसू असेल.

त्या दिवसापासून चांगुणा दिवसा लंगडायची. आई पायाला गरम तेल चोळायची, निर्गुडीचा शेक द्यायची, आणि चांगुणा डोळे मिटून पडायची. पण पहाटे, कुणी उठायच्या आत, ती पाटावर जायची. कासोटा मारायचा आणि उसाच्या टोकापर्यंत पळत जाऊन परत यायचं. पाट झिरपून वाट ओली असायची. पाय गार पडायचे. जूनला फार दिवस उरले नव्हते.

गोष्ट तिथंच राहिली असती. पण शाळेच्या मंडळावर एक रंगनाथराव होते. ते मूळचे राहात्याचे आणि गोरक्षनाथाचे मामा. बहिणीकडे गेले तेव्हा बोलण्यातून विषय निघाला. ते चकित झाले.

"देवळालीच्या सहादेवाची? ती लंगडी? अहो, आमच्या शाळेत तिच्यापुढं कुणी पळत नाही!"

राहीबाईला हे झोंबलं. मुलगी नाकारण्याचं तिला काही नव्हतं. पण आपल्यासमोर सोंग केलं, आपल्याला नकार द्यायला लावलं, हा अपमान होता. चार माणसं घेऊन रंगनाथराव देवळालीला आले. गावातली माणसं खंडोबाच्या देवळात जमली.

"सोयरीक नको होती तर तसं सांगायचं," रंगनाथराव म्हणाले. "म्हातारीला तोंडावर फसवलंत. दुसरं मोठं स्थळ हेरलंय की काय?"

"सोंग न्हवतं," सहादेव म्हणाला.

"मग उचला भंडारा."

बायांच्या घोळक्यात चांगुणा उभी होती. बेल-भंडारा उचलणं ही काही बोलण्यातली शपथ नव्हे. गावात ज्यानं एकदा खोटा भंडारा उचलला होता, त्याचा तरणा मुलगा विहिरीत गेला होता. तो योगायोग होता असं म्हणणारं गावात कुणी नव्हतं. शाळेत शिकलेल्या चांगुणालाही तसं म्हणण्याचा धीर नव्हता.

पुढं होऊन सगळं सांगावं असं तिला वाटलं. एकच वाक्य. पण ते वाक्य म्हटलं की बाबा चार गावांसमोर खोटे ठरणार. ती तशीच उभी राहिली.

सहादेवानं अंगावर पाणी घेतलं. ओल्या धोतरानं तो देवासमोर आला. ओंजळीत बेलाची पानं, त्यावर हळदीचा पिवळाधमक भंडारा.

"माज्या पोरीचा पाय अधू हाय," तो म्हणाला. "आमी सोंग केलं न्हाई. खोटं आसंल तर खंडेरायानं माज्याकडनं वसूल करावं."

कुणीतरी येळकोट म्हणालं. राहात्याची माणसं उठली. शपथेपुढं बोलायचं नसतं.

घरी येताना मच्छिंद्र चांगुणाच्या बाजूनं चालत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो खाली बघत होता. तिनंही पाहिलं नाही त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाटावर गेली नाही.

आणि दोन दिवसांनी सहादेव आपणहून म्हणाला, "तुला नगरला जायचं हुतं ना? उद्या निघू. मी येतो."

त्यानं नवा फेटा बांधला. राहुरीहून गाडीत बसले. वाटभर तो खिडकीबाहेर बघत होता. मधेच म्हणाला, "शाळंत कनाती लावत्यात म्हनं. आक्का सांगत हुती."

"व्हय."

"मला आत सोडतील?"

"बाप म्हनून सोडतील."

त्यानं मान हलवली. चांगुणाला वाटलं, बाबा पहारा द्यायला येताहेत. शपथ घेतली आहे, ती आता पोरीच्या पायात आहे, हे बघायला येताहेत.

मैदानावर कनाती लागल्या होत्या. खुर्च्यांवर मंडळाची माणसं. मधल्या खुर्चीवर रंगनाथराव. मोठ्या बाईंच्या हातात ते घड्याळ. रजिया दोरीचं एक टोक धरून उभी होती. तिला आज मुद्दाम बोलावलं होतं, की तिनंच स्वतःला बोलवून घेतलं होतं, कोण जाणे.

चांगुणा कनातीतून आत आली ती डावा पाय ओढत. रजियाच्या हातातली दोरी सैल पडली.

"काय झालं?" मोठ्या बाई जवळ आल्या. "चांगुणा, काय झालं पायाला?"

चांगुणानं वळून पाहिलं. सहादेव कनातीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात उभा होता. त्यानं वहाणा काढून ठेवल्या होत्या. देवळात उभा राहतो तसा तो अनवाणी उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. एवढं टक लावून त्यानं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

चुन्याची पांढरी रेघ तिच्यापासून हाताच्या अंतरावर होती. पलीकडे मोकळं मैदान. पाय धावायला आतुर होते, तिला कळत होतं. एका श्वासात ती दोरीपर्यंत पोचली असती. आणि त्याच श्वासात बापाचा भंडारा खोटा झाला असता. घरावर काय आलं असतं? मच्छिंद्रवर?

"पाय अधू आहे, बाई," ती म्हणाली.

"मार्चमध्ये तर..."

"आता आहे."

मोठ्या बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. रंगनाथराव खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं वाईट वाटल्याची छाया होती. ते सहादेवाकडे गेले. "सहादेवराव, चूक झाली. तुम्ही खरं बोललात. आम्ही उगीच देवापर्यंत गेलो."

सहादेव तिथंच मातीत उकिडवा बसला. लोकांना वाटलं, लेकीचं दुःख.

बाकीच्या दोघी धावल्या. एकीची निवड झाली. ती चांगली मुलगी होती. पुढं चांगली बाईही झाली.

रजियानं चांगुणाला वसतिगृहाच्या जिन्यात अडवलं.

"खोटं बोलतेस तू."

"दुखतोय पाय."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

चांगुणानं डोळ्यांत बघून सांगितलं. रजियाचा विश्वास बसला नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही. ती कॉलेजात गेली, पुस्तकांत रमली. स्त्रीला संधी मिळाली की ती पुरुषाच्या बरोबरीनं उभी राहते, असं एका निबंधात तिनं लिहिलं. लिहिताना तिला ती चुन्याची रेघ आठवली. संधी तर दिली होती. रेघ आखून दिली होती. मग कोणी कुणाला अडवलं? ते वाक्य तिनं खोडलं नाही, पण त्यानंतर तिला बराच वेळ पुढचं वाक्य सुचलं नाही.

लंगडी म्हणून झालेलं नाव पुसता येत नाही. दोन वर्षं स्थळ आलं नाही. मग पाथर्डीकडचा एक बिजवर आला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. माणूस शांत होता. पाऊल बघायला कुणी पाणी मागितलं नाही.

सासरी चांगुणाला लंगडण्याचं कारण उरलं नाही. पण एकदम सरळ चालायचं कसं? तिनं हळूहळू पाय सुधारत नेला. सासूनं गावभर सांगितलं, "आमच्या भैरोबाचं सत हाय. सून लंगडत आली, अन् बघा आता!" भैरोबाला नारळ फुटला. गुलाल लावून घेताना चांगुणानं मान खाली घातली होती. सासूला ती भक्ती वाटली.

एकोणपन्नास साली पंचमीला ती माहेरी आली, पहिलटकरीण. सातवा महिना होता. आंब्याला झोका बांधलेला. गावच्या लेकी फेर धरत होत्या, फुगड्या घालत होत्या. चांगुणाला सगळ्यांनी बाजूला बसवलं होतं.

पंचमीला शेतकरी नांगर धरत नाही, विळा लावत नाही. त्यामुळे सहादेव ओट्यावर रिकामा बसला होता. रिकामा बसायची त्याला सवय नव्हती. बराच वेळ तो लेकीकडे बघत होता.

"पाय बरा झाला म्हनं तुजा," तो म्हणाला.

"व्हय. भैरोबानं केला म्हनं."

सहादेव हसला. चांगुणानं त्याला असं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

"त्या भैरोबाला काय ठावं? पाय बिघडलाच कवा हुता?"

चांगुणानं झटकन त्याच्याकडे वळून पाहिलं.

"पाव्हनं गेल्यावर दुसऱ्याच दिशी बघितलं मी," तो सांगू लागला. आवाज नेहमीसारखाच, पाणी वळवल्याचं सांगावं तसा. "पाट फुटला का म्हून गेल्तो. चिखलात तुजी पावलं हुती. दोन्ही सारकीच. अन् टाच न्हवती कुठंच. चालत्या मानसाची टाच उमटती. पळत्या मानसाची न्हाई. रोज जाऊन बघायचो मंग. एका पावलापास्नं दुसरं पाऊल... माजा हात पुरायचा न्हाई."

"आन तरी तुमी भंडारा उचलला?"

"उचलला की."

"खोटा?"

"मी उचलला. भोगनार मी. माज्याकडनं वसूल कर म्हनलं हुतं खंडेरायाला. तुला काय त्याचं?"

चांगुणाला ते शब्द आठवले. घरादाराकडून नव्हे, माझ्याकडून. ते तिनं त्या दिवशी ऐकले होते. ऐकून न ऐकल्यासारखे.

"म्हनलं, राहात्याचं त्वांड एकदा बंद झालं की पोर मोकळी. मंग रंगनाथरावाम्होरं मी खोटा ठरलो तर ठरलो," सहादेव म्हणाला. "नगरला आलो ते कशाला? मच्छिंद्रच्या कुस्त्या लई बघितल्या. म्हनलं, हिचं बी एकदा बघावं. चिखलातली पावलंच बघितली हुती."

"मग बोलला का न्हाई, बाबा? गाडीत तरी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरोखरच विचारावं तसं म्हणाला, "तू बोललीस का?"

झोक्यावरच्या मुली ओरडत होत्या. साळूबाई आतून दुधाचा पेला घेऊन आली. पोटुशीला दूध लागतं. "पी, गार हुईल," ती म्हणाली. पूर्ण पेला, वर साय. चांगुणानं तो हातात धरला आणि तसाच धरून राहिली.

संध्याकाळी ती पाटाकडे निघाली. कुणाला काही सांगितलं नाही. सहादेव तिच्या मागून चार हात अंतर ठेवून आला. वाट ओलीच होती. ती सावकाश चालत गेली, एक हात कमरेवर, पोटाचा भार सांभाळत. उसाच्या टोकाशी जाऊन ती वळली.

सहादेव अर्ध्या वाटेत उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिनं मागं ठेवलेल्या पावलांकडे बघत होता. प्रत्येक पावलाला टाच होती. खोल उतरलेली, पाणी साचलेली.